एक जूनला जन्मलेलं गाव

कोल्हापूर,
१२ जून २०२५

पूर्णाताई,

नमस्कार. दाजींनाही सांग. घरी सगळे ठणठणीत आहेत, आईचा गुडघा सोडून. त्याची तक्रार इचलकरंजीपर्यंत ऐकू येत असेलच. आपलं फोनवरचं बोलणं "जेवलास का" याच्या पुढं जात नाही आणि आबांचा विषय निघाला की तुला नेमकं काहीतरी गॅसवर आठवतं. म्हणून हे पत्र.

आधी गंमत ऐक. गावच्या दूध संस्थेला मी एक प्रोग्राम लिहून दिला. ज्या सभासदाचा वाढदिवस असेल त्याला सकाळी मोबाईलवर शुभेच्छा जायच्या, एवढंच त्याचं काम. संगणकाला तारीख म्हणजे नुसती एक ओळ असते, '०१-०६-१९६२' अशी. मधल्या रेघांवर तिचे तीन तुकडे पाडून त्याला सांगावं लागतं, बाबा रे, हा दिवस, हा महिना, हे वर्ष. दिवस आणि महिना आजच्याशी जुळले की शुभेच्छा. वर्षावरून वय. माझ्या दृष्टीनं पोरखेळ होता.

मे महिन्यात जेमतेम एक-दोघांना मेसेज गेला. चेअरमन म्हणाले, "यशराज, तुझं मशीन झोपलंय काय रं?" मग एक जून उजाडला आणि निम्म्या गावाचे मोबाईल एकदम वाजले. डेअरीच्या रांगेत जो तो शेजारच्याला कौतुकानं मेसेज दाखवायला गेला, तर त्याच्याही हातात तोच! अंबूबाईनं तर पेढेसुद्धा वाटले. चेअरमननी मला चांगलंच झाडलं, "आरं, सगळं गाव एकाच दिवशी जलमलंय व्हय?"

तुकडे बरोबरच पडले होते गं. पूर्वी पोराला शाळेत घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची आणि गुरुजी सरसकट एक जून लावून मोकळे व्हायचे.

मग रविवारी मी डेअरीत खुर्ची टाकून बसलो, खऱ्या तारखा विचारायला. अंबूबाई म्हणाली, "जोतिबाच्या यात्रेच्या आदल्या दिशी." ज्ञानूतात्या म्हणाले, "आमची म्हस हिरीत पडलती त्या साली." याचे तुकडे कुठं पाडायचे, तूच सांग! हसून हसून पोट दुखलं.

शेवटी आबा आले, किटली घेऊन. मी त्यांचीही खरी तारीख विचारली.

"मला काय म्हाईत? एक जून ऱ्हाऊ दे. बरी हाय."

दूध घातलं, किटली उचलली, दारापर्यंत गेले आणि परत फिरले.

"चोवीस सहा शहाण्णव," म्हणाले.

"कुणाची?"

"पूर्णीची. सोमवार व्हता. मलकापूरच्या दवाखान्यात, दिस उगवायला. घाल तुझ्या मशिनात."

मी आपलं खुळ्यासारखं म्हणालो, ताई सभासद नाही. तर सगळ्या रांगेसमोर ओरडले, "मग कर की! माझी लेक हाय ती!"

ताई, तू त्यांना न विचारता लग्न केलंस, त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून घरात त्यांनी तुझं नाव काढलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि सोमवार तर मी विचारलाही नव्हता. मला तिथंच रडू आलं. रांगेतले बघत होते, बघू देत.

घरी येताना वाटेत त्यांनी विचारलं, "इचलकरंजीला सकाळची यष्टी कितीला?" हे तुला सांगायचं नाही अशी मला सक्त ताकीद आहे. चोवीसला येतायत. आई सोबत निघाली होती, तर "एकलाच जातो" म्हणाले. जावयाला काय आवडतं, हे मात्र तिला खोदून खोदून विचारून झालंय. तिला तरी कुठं ठाऊक?

दारात आल्यावर त्यांना काही बोलता येणार नाही. तुला माहीत आहेत ते. पत्ता चुकलेल्या माणसासारखे उभे राहतील, फार तर पाणी मागतील. तेव्हा त्या दिवशी बेल वाजली की दाजींना पुढं करू नकोस. दार तूच उघड.

तुझा, आणि आबांचाही,
यशराज