बिशपच्या नाकावर रोना काय बोलते

नेल्सन, रविवार

तीर्थरूप मर्लताईस,

धाकट्या वॉलिसचा कंबर वाकेल तेवढं वाकून नमस्कार. तुझ्या खोकल्याचं आणि ओमारूच्या वाऱ्याचं आता जमलं असेल अशी आशा आहे. दाजींच्या कोंबड्या कशा आहेत? (दाजी कसे आहेत तेही कळव, पण त्यांच्या पत्रात स्वतःपेक्षा कोंबड्यांचीच खबर जास्त असते, म्हणून त्या क्रमाने विचारलं.) इकडे सगळं क्षेम आहे. पाऊस नाही, त्यामुळे लोकांना पाण्याच्या टाक्यांची आठवण होते आहे आणि टाकीवरून माझी.

चौसष्टाव्या वर्षी डोंगरातून सायकल हाकायचं खूळ डोक्यात कोणी भरलं, असं तू विचारलंस. ताई, मी तिथे सायकल चालवायला जात नाही, ऐकायला जातो. आमची शनिवारची टोळी बीच झाडांच्या रानातून वर चढते तेव्हा सगळे भरपूर बोलतात, पण त्यात काही राम नसतो. चढावर माणूस दम लागल्याचं लपवायला बोलतो. खरं बोलणं उतारावर. वाट हातभर रुंद, खाली मुळांचं जाळं, एका अंगाला दरी, अशा जागी आपण एकटेच आहोत असं समजून माणूस पुटपुटायला लागतो, आणि ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. आमचे दंतवैद्य क्लाइव्ह स्वतःचीच समजूत घालत उतरतात, "थोडंसं दुखेल हं, थोडंसंच." मुख्याध्यापिका नायरीबाई सायकलीवर ओरडतात, "धावायचं नाही! व्हरांड्यात धावायचं नाही म्हणून सांगितलंय ना!" मेंढ्यावाला लाकी ब्रेकशी कुत्र्याशी बोलावं तसं बोलतो, "बस... बस... अरे बस म्हटलं ना गाढवा!" (कुत्र्याला गाढव म्हटलं की ते ऐकत नाही. ब्रेकचंही तसंच.) मी काय पुटपुटतो ते विचारू नकोस, अवघड जागी मी खाली उतरून सायकल खांद्यावर घेतो. लोक म्हणतात वॉलिस सिमेंटच्या टाक्या विकून वर आला. सिमेंट सगळ्यांकडेच होतं. गिऱ्हाईक आपल्या बायकोच्या कानात काय सांगतं ते मला ऐकू यायचं, एवढाच फरक.

या सगळ्यांत एकाच माणसाचं बोलणं मला कधी मिळालं नाही. ते रोनाचं. रोनाने जन्मभर शाळेची बस चालवली, आणि आता ती टोळीची शेपूट आहे. कोणालाही मागे टाकायचं नाही, हा आमच्या टोळीचा नियम. पुढचे लोक प्रत्येक फाट्यावर शेवटच्यासाठी थांबतात. (शेवटचा धापा टाकत पोचला रे पोचला, की विसावा झालेले सगळे ताजेतवाने निघतात. शेवटचा मीच असल्यामुळे विसावा हा शब्द मी फक्त ऐकलेला आहे.) आणि शेवटच्याच्याही मागे रोना. ती कधी कोणाच्या पुढे जात नाही. वाटेत बिशपचं नाक म्हणून एक उघडाबोडका, छपरासारखा उतरता खडक आहे. तिथे तर खालच्याने "मोकळं!" अशी हाक देऊन वळणाआड गेल्याशिवाय ती वरून सुटतच नाही. मग ती नाकावर काय बोलते, हे कळणार कोणाला?

आता तुझ्यापासून काय लपवायचं? रोना ईस्टरनंतर घर आवरून डनेडिनला मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. माझी अ‍ॅग्नेस गेल्यापासून माझ्या घरात चहाची किटली सोडली तर कोणी आवाज करत नाही. तेव्हा डनेडिनऐवजी माझ्याकडे येतेस का, असं रोनाला विचारावं असं बरेच दिवस मनात होतं. पण मी पडलो धंदेवाला. जागा पाहिल्याशिवाय टाकीचा भाव सांगायचा नाही, हा माझा बाणा. तिच्या मनाची जागा पाहायची, तर ती एकटी असताना काय बोलते हे ऐकणं भागच होतं.

म्हणून काल मी नाकाच्या वरच्या वळणावर जरा जोर केला, तिच्या नजरेआड झालो, सायकल खांद्यावर टाकून खडक उतरलो आणि पायथ्याच्या फर्नमध्ये दबा धरून बसलो. बेत पक्का होता. फक्त "मोकळं" कोण ओरडणार, याचा विचार राहून गेला. फर्नमधून ओरडावं तर सापडतो, न ओरडावं तर ती सुटत नाही. ती वर उभी, मी खाली बसलेला. तेवढ्यात एक वेका आली. (तिला पाखरू म्हणतात ते पंख आहेत म्हणून, स्वभावाने ती पाकीटमार आहे.) तिने माझ्या खिशातून चीजचं सँडविच ओढून काढलं आणि मला हूं की चूं करता येईना. शेवटी रोना सायकल वरच टेकवून पायी खाली आली आणि माझ्यापासून हातभर अंतरावर थांबून बोलायला लागली.

"दरीत पडला असेल तर निदान ओरडावं की नाही! एवढा टाक्यांचा व्यापारी, आणि स्वतःची पाण्याची बाटली गळते. मोजे कधी एका जोडीचे नसतात. ब्रेक लावतो तो जीभ बाहेर काढून. आणि नेमका हाच हरवायचा होता! तो क्लाइव्ह हरवला असता तर अख्ख्या गावाने मेणबत्त्या लावल्या असत्या."

ताई, शिव्या मी आयुष्यभर खाल्ल्या आहेत, पण इतक्या बारकाईने मला कोणी पाहिलेलं नाही. जागा पाहून झाली. मी तिथूनच डोकं वर काढलं आणि विचारून टाकलं.

ती दचकलीसुद्धा नाही. म्हणाली, "वॉलिस, लोक गुडघ्यावर बसून विचारतात. तू बेडकासारखा बसून विचारतोयस."

"उत्तर काय ते सांग."

"दोन वर्षं सायकल खांद्यावरून मिरवतोयस. वर जा, आणि नाकावरून तिच्यावर बसून ये. मग सांगते."

"आणि पडलो तर?"

"तर तसं सांगेन."

मी सायकल घेऊन वर गेलो, आणि तिची सायकल वरच होती म्हणून रोनाही मागोमाग आली. बिशपचं नाक वरून पाहिलं, तर बिशपला सर्दी झाली असावी असं दवाने ओलं दिसत होतं. पण ताई, मी उतरलो. सायकलवर बसून उतरलो, आणि दोन्ही चाकं माझ्याखालीच होती. पायथ्याशी आलो तेव्हा इतका आनंद झाला की रान दणाणेल असं "मोकळं!" ओरडलो. पुढे रोनाचं उत्तर मिळालं. उत्तर हो असं आहे. डनेडिन रद्द. तेव्हा तू काळजी करू नयेस, आणि दाजींना व कोंबड्यांना माझा नमस्कार सांगावास.

तुझा,
वॉलिस

ता. क. रोना इथेच बसली आहे आणि हे पत्र तिने माझ्या खांद्यावरून वाचलं. तिचं म्हणणं असं की फर्नमधलं माझं पिवळं हेल्मेट तिला वरूनच दिसत होतं, आणि खालचं सगळं भाषण तिने मला ऐकवायलाच केलं. म्हणजे मी जागा पाहिली ती मालकिणीने झाडूनपुसून दाखवली तेवढीच. भाव मात्र सांगून बसलो.

दुसरा ता. क. पत्राचं खरं कारण राहिलंच. दाजींच्या गुडघ्याच्या वेळच्या कुबड्या माळ्यावर असतील, तर मिळेल त्या बसने पाठव. आणखी एक जोडी कोणाकडून मिळाली तर तीही पाठव. झालं असं, की "मोकळं" ओरडण्याच्या नादात मला पुढचं मूळ दिसलं नाही आणि मी वाटेत आडवा झालो. आणि रोना, मी वळणाआड जायची वाट न पाहता, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून वरून सुटली होती. नाकावर ती काय बोलते हे आता टोळीत फक्त मला ठाऊक आहे. ती म्हणते, "बाजूला हो रे मेल्या!" होकार त्यानंतरचा आहे. क्लाइव्ह स्ट्रेचर घेऊन येईपर्यंत दोघांनाही हलता येत नव्हतं, आणि बोलायला दुसरा विषय नव्हता.