गेट क्रमांक तीनपासून चालत बारा मिनिटे

ती. मामांस,

दोन्ही हात जोडून नमस्कार (पेन तेवढ्यापुरते खाली ठेवले आहे). तुमचा गुडघा कसा आहे? आईने मुद्दाम विचारायला सांगितले आहे की डावा की उजवा, कारण मागच्या पत्रात तुम्ही डावा लिहिलात आणि त्याच्या आधीच्या पत्रात उजवा. तिचे म्हणणे असे की ज्याला प्रवास टाळायचा असतो त्याचाच गुडघा असा जागा बदलतो. मी तिला सांगितले की पुराव्याशिवाय असे बोलू नये. इकडे सगळे ठीक. बाबा निवृत्त होऊन आठ महिने झाले, तरी कारखान्याच्या सकाळच्या भोंग्याला चपला घालतात, दारापर्यंत जातात आणि हवा पाहायला आलो होतो असे सांगून परत येतात.

माझ्या नोकरीचे तुम्हाला कळलेच असेल (घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने ही बातमी वाण्याला, शिंप्याला आणि चुकीचा नंबर लागलेल्या एका गृहस्थांना फोनवर सांगितली आहे). नगरपालिकेचे माहिती खाते, सहा महिने प्रोबेशन, काम पसंत पडले तर कायम. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी मला शहराची पुस्तिका नव्याने लिहायला सांगितली: प्रेक्षणीय स्थळे व शिक्षणसंस्था. जुन्या पुस्तिकेत एक धबधबा होता. मी तो शोधत गेले तेव्हा तो कारखान्याच्या जादा पाण्याचा नळ निघाला, आणि तोही दुरुस्तीसाठी बंद. त्याच दिवशी मी ठरवले की स्वतः पाहिल्याशिवाय एक ओळ लिहायची नाही आणि पाहिलेले फुगवायचे नाही. मामा, खरे सांगायचे तर त्यामागे तुम्हीही होता. चार वर्षांपूर्वी कारखान्याचे तीन नंबर गेट बंद झाले आणि तुम्ही शहर सोडलेत, तेव्हा बसच्या खिडकीतून म्हणालात, "या शहरात आता बघण्यासारखं उरलंय काय?" मला वाटले की हे कुणीतरी एकदा मोजून पाहायला हवे.

तर मी पाहिले. घड्याळाचा मनोरा पाहिला (चार बाजूंना चार वेगवेगळ्या वेळा दाखवतो, पण पश्चिमेची तबकडी दहा मिनिटे मागे असल्याने तंत्रनिकेतनातले विद्यार्थी तीच प्रमाण मानतात). कारखान्याचे संग्रहालय पाहिले, त्याची किल्ली ज्या फिटरकडे असते त्याची पाळी संपेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून. भट्टीच्या राखेच्या ढिगावर केलेली बाग पाहिली. तिथे गवत खरोखर उत्तम आहे आणि बसल्यावर कपडे करडे होतात, हे दोन्ही मी लिहिले. साहेबांना 'विलोभनीय सरोवर' हवे होते, तिथे मी 'कारखान्याचे गरम पाणी थंड करण्याचा तलाव, पोहू नये' असे लिहिले. शिक्षणसंस्थांत परिचारिका विद्यालय झाले, तंत्रनिकेतन झाले आणि शेवटी माझे स्वतःचे संध्याकाळचे महाविद्यालय आले, जे तुम्हाला माहीतच आहे की प्राथमिक शाळेच्या वर्गांत भरते. तिथे माझा हात थोडा अडला, पण 'बाक लहान आहेत, गुडघे आडवे घ्यावे लागतात, ग्रंथालय चांगले आहे' असे लिहून मोकळी झाले. प्राचार्य आता मला ओळख दाखवत नाहीत.

सगळ्यात जास्त मेहनत मी अंतरांवर घेतली. जुन्या पुस्तिकेत 'जवळच', 'थोड्या अंतरावर' असली भाषा होती. मी प्रत्येक ठिकाण हातात घड्याळ घेऊन चालत मोजले आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत छापले की सर्व अंतरे गेट क्रमांक तीनपासून आहेत. दुसरीकडून मोजायचे माझ्या मनातही आले नाही. आपल्या घरात दिशा चार नव्हत्याच, गेटे पाच होती. मी बालवाडीत जायला निघाले तीही तीन नंबर गेटला रखवालदाराच्या स्टुलावर बसलेल्या तुम्हाला हात करून, आणि पदवीचा निकाल घेऊन आले तीही सवयीने त्याच वाटेने (तुम्ही नव्हता, तरी). मोजताना मी दर वेळी तिथे जाऊन उभी राहायची, पाठ टेकायची, घड्याळ पाहायची आणि निघायची. पाठ कशाला टेकली आहे हे मागे वळून कधीच पाहिले नाही.

भिंतीला टेकली होती. गेट बुजवून सरळ भिंत घातली आहे, गिलावा आहे, वरून करडा रंग आहे, आणि हे मला माहीत नव्हते असेही नाही. मी रोज तिच्यासमोरून कामावर जाते.

तुम्ही म्हणाल, दुसऱ्या कुणी तपासले नाही का? पाच जणांनी तपासले. टंकलेखिका बाईंनी दोन वेलांट्या सुधारल्या. साहेबांनी 'तीन नंबर गेट' खोडून 'गेट क्रमांक तीन' केले, सरकारी कागदाला शोभेल म्हणून. उपसाहेबांनी साहेबांच्या दुरुस्तीवर सही केली. छापखानेवाल्यांनी विचारले की 'तीनपासून' जोडून का तोडून. आणि बाबांनी तंत्रनिकेतनापुढचे 'चालत बारा मिनिटे' पाहून पेन्सिलीने नऊ केले, कारण त्यांच्या काळी नऊ लागायची (मी बाराच ठेवली, त्यावरून आमचे दोन दिवस बोलणे बंद होते). तीन हजार प्रती छापून झाल्या.

पहिली प्रत टपालाने गेली ती परगावच्या चाळीस शिक्षकांच्या सहलीला. त्यांतच एक मुख्याध्यापिका, गळ्यात शिट्टी. त्यांनी पुस्तिका ओळीने वाचली होती, जे आजवर इथे कुणी केलेले नाही, आणि ड्रायव्हरला सांगितले की आधी गेट क्रमांक तीन. मी राखेच्या बागेत त्यांची वाट पाहत उभी होते, सकाळी दहापासून. पुढचे सगळे मला नंतर ड्रायव्हरकडून कळले. त्याने पहिल्यांदा पानवाल्याला विचारले, त्याने हे काय समोरच म्हणून भिंत दाखवली. मग एका आजोबांना विचारले, ते म्हणाले सरळ जा, गेट लागेल, तिथून उजवीकडे वळलात की गेटच. शहरात एकही माणूस असा भेटला नाही की ज्याला गेट माहीत नाही. बसने कारखान्याच्या भिंतीला दोन प्रदक्षिणा घातल्या. तिसऱ्या फेरीत त्या लोकांना एकदाचे एक गेट उघडलेले दिसले, ते चार नंबरचे, आणि तिथल्या रखवालदाराने चाळीस माणसे पाहून त्यांना नवीन शिकाऊ कामगारांची तुकडी समजून आत घेतले.

त्यांना चाळीस हेल्मेटे मिळाली. दोन तास यंत्रसुरक्षेचे व्याख्यान झाले, आग विझवण्याचे प्रात्यक्षिक झाले (मुख्याध्यापिका बाईंनी स्वतः नळकांडे चालवले), लेखी परीक्षा झाली आणि संध्याकाळी सगळ्यांना प्रमाणपत्रे मिळाली. दोघे जण नापास झाले, ते भूगोलाचे होते. जाताना बाईंनी अभिप्राय लिहून ठेवला की शहर अत्यंत शैक्षणिक आहे, मात्र पुस्तिकेतले एकही ठिकाण सापडले नाही, आणि ज्या गेटापासून सगळे मोजले आहे ते नेमके आहे कुठे, हे कळवावे.

हा कागद साहेबांच्या टेबलावर आला आणि मला बोलावणे आले. मी ताबडतोब चूक कबूल केली आणि प्रत्येक प्रतीत चिठ्ठी चिकटवायची तयारी दाखवली: गेट क्रमांक तीन अस्तित्वात नाही. साहेब म्हणाले, "अहो, नाही कसं? मी रोज तिथूनच वळतो." त्यांचे म्हणणे असे की नसलेल्या ठिकाणापासून आपण शहर मोजले अशी चिठ्ठी नगरपालिका स्वतःच्या हाताने चिकटवणार नाही. वीस तारखेला दुसरी सहल येते आहे आणि त्याच दिवशी माझे सहा महिने पुरे होतात. तोवर एक तर तिथे गेट दिसले पाहिजे, नाही तर माहिती खात्यात मी दिसणार नाही. हे त्यांनी रागाने सांगितले नाही, खिडकीबाहेर बघत सांगितले, म्हणून जास्त खरे वाटले.

मी तीन दिवस विचार केला. जे आहे तेच छापायचे हे माझे तत्त्व आहे आणि ते मी सोडलेले नाही. पण छापलेले आहे ते आता असावे, अशी खटपट करणे तत्त्वात बसते असे माझे मत झाले आहे. बाकी सर्व क्षेम. गुडघा जपा, जो असेल तो.

तुमची भाची

ता. क. १: तुमच्या अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून जो पत्रा आहे, तो मागच्या सुट्टीत मी उचलून पाहिला होता. आतल्या बाजूने निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत 'गेट क्र. ३' आहे. गेट पाडले त्या दिवशी तो तुमच्याकडे कसा आला हे मी विचारत नाही. तो वीस तारखेच्या आत हवा आहे. भिंतीला भोके पाडून ठेवली आहेत.

ता. क. २: एवढा लांब पत्रा पार्सलने घेत नाहीत, सोबत माणूस लागतो. मी चौकशी केली.

ता. क. ३: साहेबांची एक शंका रास्त आहे. पाटी लावली तरी ती बोलणार नाही, आणि पाहुण्यांना रस्ता सांगायला कुणीतरी हवे. म्हणून खात्याने सकाळच्या वेळेसाठी मानधनावर एक मार्गदर्शक नेमायचे ठरवले आहे. जाहिरात मीच लिहिली: वयाची अट नाही, गेट क्रमांक तीनचा किमान वीस वर्षांचा अनुभव आवश्यक. अजून एकही अर्ज आलेला नाही. स्टूल स्वतःचे आणावे लागेल.

ता. क. ४: आई म्हणते, त्याला नुसते 'ये' म्हणून एक ओळ लिहायची होती, तू पाच पाने का भरलीस. पुढची खोली तिने कधीच रिकामी केली आहे, पण हे मी तुम्हाला कळवायचे नाही असे ठरले आहे.

ता. क. ५: पुस्तिकेची प्रत सोबत पाठवते आहे. बसच्या खिडकीतून तुम्ही विचारलेत त्याचे उत्तर बावीस पानी झाले. सगळी अंतरे तुमचे स्टूल जिथे असायचे तिथून मोजली आहेत. तंत्रनिकेतनाला बारा मिनिटे की नऊ, ते तुम्ही आणि बाबा एकदा चालून ठरवा. म्हणजे गुडघ्याचाही पुरावा मिळेल.