मॅटपुरती जागा

३ जानेवारी, सकाळी ६.१०
रुचा माहेरी सांगलीला आहे. विश्रांतीसाठी. दिवाळीला गेली ती अजून तिकडेच, पण पाठदुखीला वेळ लागतोच. भांडण वगैरे काही नाही. जाताना एवढंच म्हणाली, की पिलाटीजच्या व्यायामासाठी सकाळी तासभर हॉल मोकळा मागत होते, तेवढंही तुला जमलं नाही. आता हॉलमध्ये माझे अमेरिकेचे कॉल असतात, त्याला मी काय करणार?
संकल्प: मी स्वतः पिलाटीज शिकणार. ती आली की जोडीने. चेन्नईतल्या वेलचेरीच्या वन बीएचकेतही सगळं जमतं, इच्छा हवी.

५ जानेवारी
श्रीविद्या मॅडमचा ऑनलाइन क्लास लावला. या रुचाच्याच टीचर, अड्यारच्या. बेडरूममध्ये पलंग आणि कपाटाच्या मधल्या पट्टीत रुचाची मॅट अंथरली. पाय बाजूला नेला की कपाटावर आपटतो. मॅडम म्हणाल्या, गुडघे दुमडून करा सर, छोट्या घरात सगळे तसंच करतात. रुचा कधी येणार विचारत होत्या. येतेय म्हणालो.

९ जानेवारी
कॉल लांबला. खुर्चीतच पोट आत ओढून बसलो. तेही पिलाटीजमध्ये धरतात.

१२ जानेवारी
पाय वर केलेला फोटो रुचाला पाठवला. तिने विचारलं, सकाळचे कॉल अजून हॉलमध्येच का? लिहिलं, हो, प्रमोशनचा प्रश्न आहे, पण तुझ्यासाठी मोठा प्लॅन शिजतोय. तिने हसरा चेहरा पाठवला. विरघळतेय.

१५ जानेवारी
पोंगल. शेजारच्या जयंती मामी गोड पोंगल घेऊन आल्या. म्हणाल्या, तुमची बायको बाल्कनीत वॉशिंग मशीनला टेकून व्यायाम करायची, पावसातसुद्धा, पाहून वाईट वाटायचं. मला माहीत नव्हतं. कॉलवर असेन.

१७ जानेवारी
प्लॅन ठरला. कपाट हलवायचं. सागवानी आहे, रुचाच्या वडिलांनी लग्नात दिलेलं. विकलं तर बरं दिसणार नाही. मूव्हर्सना सांगून सांगलीला सासऱ्यांकडे, अनंतरावांकडेच पाठवतो, मोठं घर घेईपर्यंत. सरप्राइज आहे, म्हणून कुणाला काही कळवत नाही. तिच्या साड्या आतच ठेवल्या. तिकडे लागतीलच तिला.

२३ जानेवारी
कपाट पोचलं असणार. बेडरूम केवढी दिसते! सांगलीहून फोन नाही. भारावले असतील.

२५ जानेवारी, रात्री
अनंतरावांचा फोन. या वेळी जावईबापू म्हणाले नाहीत. म्हणाले, लग्नातली वस्तू मुलीच्या साड्यांसकट परत केलीत, निरोप कळला. तोंडाने सांगितलं असतं तरी चाललं असतं. मी म्हटलं, अहो, व्यायामाला जागा हवी होती. मग म्हणाले, रुचाने अठ्ठावीस तारखेला चेन्नईत पोचणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं होतं. टेम्पो दारात आला, तेव्हा तिने ते रद्द केलं.
रुचा फोन उचलत नाही. गैरसमज आहे. निवळेल.

२८ जानेवारी
गाडीच्या वेळेला स्टेशनवर गेलो. रद्द केलेलं तिकीट माणसं पुन्हा काढतात. सगळे डबे रिकामे होईपर्यंत थांबलो. लेडीज डबाही पाहिला.

१ फेब्रुवारी
पहाटे रुचाचा मेसेज आला: कपाट माझ्या खोलीत लावून घेतलं. साड्या नीट मिळाल्या. मॅट तुझ्याकडेच राहू दे.
मॅटवर जाऊन आडवा झालो. आता हातपाय कुठेच लागत नाहीत. खूप रडलो. पाठीवर पडून रडलं की पाणी कानात जातं, हे माहीत नव्हतं.
कॉलला उशीर झाला. मॅनेजरला म्हटलं, यापुढे सकाळी इतक्या लवकर जमणार नाही मला. वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. तो म्हणाला, ओके, मग संध्याकाळी ठेवू. कारणसुद्धा विचारलं नाही.
उद्यापासून सकाळी हॉल मोकळा आहे.