खुर्चीतला होकार

३ मार्च, कुपवाड

आले बाई एकदाची! वाईहून एसटीने सांगली, तिथून रिक्षाने इथवर. आईने दिलेला लाडवांचा डबा कंपनीतल्या लोकांनी जेवणाच्या सुट्टीआधीच फस्त केला, म्हणजे माणसं बरी असावीत. शेजारी फाउंड्री आहे, दिवसभर ठणठण.

आमचे मालक वीरधवल सर स्वतः चहा घेऊन आले आणि काम समजावलं. तासगावच्या बेदाण्याच्या शेड, इथली गोदामं, कारखाने, या सगळ्यांच्या कॅमेऱ्यांवर चार माणसं नजर ठेवतात. चौघंही फौजेतून निवृत्त, आपापल्या गावी घरीच बसतात. व्हीआरचा चष्मा डोळ्यांवर चढवला की चौघं एकाच खोलीत, गोल टेबलाभोवती, समोर कॅमेऱ्यांची भिंत. ती खोली आता मी घडवायची. टेबल, खुर्च्या, उजेड, माणसांच्या आकृत्या, सगळं. आजवर बिल्डरांच्या जाहिरातींसाठी खोटी स्वयंपाकघरं सजवली, इथे खरी माणसं बसणार. लय भारी वाटतंय. (आईने हे 'लय' ऐकलं तर ओरडेल.)

११ मार्च

माणसं एकेक वल्ली आहेत. तासगावचे बाळासो, यांच्या जिभेला हाड नाही. चष्म्याला टोपडं म्हणतात आणि मला विचारतात, मॅडम, काजळाची तीट पण लावू का? जतचे सुभेदार आकाराम मात्र कमी बोलणारे. त्यांच्या चष्म्याची बॅटरी सारखी उतरायची, म्हणून आम्ही तो कायमचा वायरला जोडून दिला.

आकारामांची एक खोड आहे. थोड्या थोड्या वेळाने हाळी देतात, सब ठीक? मग प्रत्येकाने आपलं नाव घेऊन ठीक म्हणायचं. पहाऱ्यावरची पद्धत म्हणे. आज गोदामवाल्यांना मी खोली दाखवत होते, तेव्हा भर कार्यक्रमात त्यांनी हाळी ठोकली. गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१९ मार्च

हाळी बंद करून टाकली. आकाराम म्हणाले, मॅडम, हाळी न्हाई तर गडी जागा हाय का न्हाई कसं कळायचं? मी फटकन म्हटलं की ही काही सरहद्द नाही. बरं, म्हणाले आणि कॅमेऱ्यांच्या भिंतीकडे वळले.

बाळासोंची तक्रार वेगळीच. माणूस एकटक बघत बसला की त्याची आकृती मढ्यागत दिसते, शेजारी बसवत न्हाई, म्हणाले. मग मी एक युक्ती केली. माणूस हलेनासा झाला की आकृती आपली आपण श्वास घेते, अधूनमधून मान हलवते. कुणी तिच्याशी बोललं तरी होकाराची मान हलवते. इतकं जिवंत दिसतं की मीच माझ्यावर खूश! सरांनी सगळ्यांसाठी भडंग मागवलं.

२ एप्रिल

आकाराम गेले.

काल त्यांच्या बायको मनुबाई लेकीकडे मिरजेला गेल्या होत्या. संध्याकाळी परतल्या तर हे खुर्चीत मागे रेललेले, चष्मा डोळ्यांवर, अंग गार. डॉक्टर म्हणाले, सकाळीच कधीतरी छातीत कळ येऊन गेले.

बाळासो फोनवर रडत होते. म्हणाले, मी तर दिवसभर बोलत हुतो की त्याच्यासंगं. नातीचं कान टोचलं ते सांगितलं, द्राक्षाचा दर सांगितला. बरं हाय न्हवं रं, असं पण इचारलं. दरवेळी मान हलीवली त्यानं.

ती मान मी हलवली. हाळी चालू असती तर सकाळीच कळलं असतं. कदाचित वाचले असते. शी! काय करून बसले मी.

४ एप्रिल

सर आणि मी जतला जाऊन आलो. मनुबाईंनी माझाच हात धरला. विचारलं, लगीच गेलं न्हवं? कुणाला हाक मारली न्हाई न्हवं त्यांनी? मला काय माहीत! तरी मी मान हलवली. त्यांनी शेजारणीकडून माझ्यासाठी चहा करवून घेतला आणि मी तो प्यायले. निर्लज्ज आहे मी.

परतताना सर म्हणाले, त्या मान हलवण्याचं कुठे बोलायचं नाही, गोदामवाल्यांचं हाताशी आलेलं काम जाईल. तेव्हाही मी मान हलवली.

९ एप्रिल

आकारामांची आकृती काढून टाकली होती. आज पुन्हा खुर्चीत. श्वास घेतेय. पुन्हा काढली, सगळं बंद करून चालू केलं. बसलेलीच. बाळासोंनी टोपडं काढून ठेवलं, आता पुन्यांदा घालत न्हाई म्हणाले.

मीच चष्मा चढवून आत गेले. म्हटलं, सुभेदार, चुकले मी. तुमच्या घरी खरं सांगू ना?

कुणी बोललं की मान हलवायची, हे मीच बसवलंय. त्यांची हलली नाही. नुसते बघत राहिले.

हलली ती माझी.

१२ एप्रिल

खाणावळीतल्या मावशींनी विचारलं, झालं ना जेवण? झालं नव्हतं. मान हलली. ताट उचललं त्यांनी.

श्वास — श्वास — आणि मान. मीच ठरवलेली लय. गप्प बसले की सुरू होते.

सर म्हणाले, ही मान हलवायची सोय आता सगळ्या गिऱ्हाइकांना देऊ या. नाही म्हणायला तोंड उघडलं. आवाजच नाही. मान मात्र —

१५ एप्रिल

त्या खुर्चीत जयराज बसणार आहे. आकारामांचा मुलगा. आजपासून. हाळी नाहीच, मान हलवणं तसंच. त्यालाही बापासारखी छातीत कळ येते, मनुबाईंनीच सांगितलं होतं जतला.

सरांनी त्याला आणि मनुबाईंना इथेच बोलावलंय. काचेपलीकडे बसलेत. जयराज चष्मा डोळ्यांना लावून बघतोय.

आज सांगायचंच. नोकरी गेली तरी सांगायचं. तोंड उघडत नाही. हात अजून चालतोय, तोवर —

मनुबाई माझ्याकडेच आल्या. समोर बसल्यात. रडतायत. म्हणतायत, पोरी, सायबांवर माझा इश्वास न्हाई, तुज्यावर हाय. बसवू का पोराला?

नाही म्हण. अगं, नाही म्हण ना —

डाव्या हाताने हनुवटी घट्ट धरली आहे. तरी —

त्या बघतायत माझ्याकडे. हसल्या. डोळे पुसतायत. जयराजला हाक —

नाही हो मनुबाई, ती मी नाही, ती मा