अबलखाची चरबी

२ सप्टेंबर
डॉक्टरीणबाईंनी काट्यावर उभं केलं. मग काट्याकडे न बघता माझ्या पोटाकडे बघत म्हणाल्या, रोज चाला. मी हो म्हणालो. पण चालणं हे घोडा नसलेल्यांचं काम. मला घोडा आहे. वडिलांनी शेवटच्या वर्षी माझ्या नावावर केलेला अबलख. नदीपलीकडे थोरल्या भावाच्या, दम्बादादाच्या कळपात असतो.

फोनवर वाचलं, घोडेस्वारीत भरपूर कॅलरी जळतात. दुडक्या चालीत जास्त, दौडीत त्याहून जास्त. मोंगोल माणसाला हे फोनवर वाचावं लागतं ही शरमेची गोष्ट, पण असो. संकल्प : ऑफिस सुटलं की थेट नदीपलीकडे. चरबीवालं मटण बंद.

सरनाईला सांगितलं. बायको असून तिला आनंद झाला नाही. म्हणाली, आज चरबीवालंच शिजलंय. मग उद्यापासून.

३ सप्टेंबर
दादा उद्या गवत कापायला उत्तरेच्या खोऱ्यात चाललाय, महिनाभर. त्याला बेत सांगितला. त्याने नाही म्हटलं नाही, पण अटी घातल्या. अबलखाला साध्या चालीनेच फिरवायचं. घाम काढायचा नाही. पहिलं दव गोठलं की खोगीर उतरवून त्याला मोकळं सोडायचं. गेल्या हिवाळ्यात आमची निम्मी जनावरं बर्फाखाली गेली. यंदा जी आहेत त्यांनी शरदात चरबी धरली तरच ती उन्हाळा बघतील. हे मला सांगायला पाहिजे का? मी काय शहरात जन्मलोय? पाणीपुरवठा खात्यात नोकरी लागली म्हणजे माणूस रक्त विसरतो की काय.

५ सप्टेंबर
पहिला दिवस. चालीनेच निघालो. फोनने फारच थोड्या कॅलरी दाखवल्या, म्हणून थोडी दुडकी. नंतर जराशी दौड, वाऱ्यावर. काय मजा आली! अबलख तर उडतच होता. त्यालाच पळायचं होतं, मी फक्त अडवलं नाही.

फोन खिशात उड्या मारत होता. घरी येऊन बघतो तर फोन म्हणतो, मी आज इथून तालुक्यापर्यंत पायी जाऊन आलोय. फोनला काय कळतंय कोण पळालं. कोणीतरी पळालं हे महत्त्वाचं.

जेवताना चरबी परत ठेवली. मग फोनवर जळालेला आकडा आठवला आणि उचलली.

९ सप्टेंबर
एक अडचण आहे. घोड्यावरून जाताना वाटेत कुणाची गोल तंबूची गेर दिसली की थांबावं लागतं. थांबलं की आत जावं लागतं. आत गेलं की पुढे येईल ते खावं लागतं. खांदआजीच्या गेरसमोरून न थांबता गेलो असतो तर तिने माझ्या मेलेल्या वडिलांना नावं ठेवली असती. म्हणून थांबलो. दोन वाडगे आयराग, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, साय, वाळवलेलं दही आणि मटणाच्या पुऱ्या. हा व्यायामाचाच भाग धरतो, कारण घोड्याशिवाय तिथे पोचलोच नसतो.

दारात म्हातारीने रीतीप्रमाणे विचारलं, शरद धष्टपुष्ट चाललाय ना? सगळेच विचारतात, ते जनावरांबद्दल असतं. पण विचारताना तिची नजर माझ्या पोटावर होती. मी म्हणालो, धष्टपुष्ट चाललाय. मग तिने अबलखाकडे बघितलं.

१४ सप्टेंबर
रोज दौड. मांड्या भरून आल्यात, पार्श्वभागाचं तर बोलूच नये. याचाच अर्थ फरक पडतोय.

न्यामावहिनीने विचारलं, घोड्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे डाग कसे? मी म्हणालो, ऊन फार होतं. ऊन नव्हतं. तेव्हापासून परत येताना टेकडीमागे थांबतो, लाकडी पट्टीने अबलखाचा घाम निपटून काढतो, तो वाळेपर्यंत उभा राहतो आणि मग वहिनीच्या नजरेला पडतो. त्यातही व्यायाम होतो. हाताचा.

हे लपवणं नाही. बाईमाणसाला उगाच काळजी नको म्हणून.

१९ सप्टेंबर
आज खोगिराचा पोटाखालचा तंग कसताना तो नेहमीच्या भोकात ढिला पडला, पुढच्या भोकात घालावा लागला. चामडं सैल झालं असणार. दादाची खोगिरं जुनीच आहेत.

माझा कमरेचा पट्टा मात्र एक भोक मागे घ्यावा लागला. चामडं आवळलं असणार.

रात्री या दोन्ही चामड्यांचा विचार मनात आला. झोपलो.

२३ सप्टेंबर
सकाळी गवतावर पांढरं दव गोठलेलं. म्हणजे दादाच्या हिशेबाने खोगीर उतरवायचा दिवस. पण दादा हिशेब पूर्वीच्या थंडीचा धरतो, आणि हे काही खरं दव नव्हतं, जरा जाडसर धुकं होतं. शिवाय पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. फक्त तेवढे दिवस. त्यानंतर अबलखाला मोकळं सोडतो आणि मी चालायला लागतो. लिहूनच ठेवतो : हा शेवटचा आठवडा.

२६ सप्टेंबर
आज जे झालं ते सकाळपर्यंत कदाचित एवढं वाईट वाटणार नाही.

ऑफिसात साहेबांच्या वाढदिवसाचा केक होता. दोन तुकडे झाले. तीन. त्याची भरपाई म्हणून लांबची दौड काढली, थेट खिंडीच्या पायथ्यापर्यंत. अबलख परतताना दोनदा आपणहून चालीवर आला. दोन्ही वेळा मी टाच मारली. परत पोचेपर्यंत अंधार. घोडा निथळत होता. टेकडीमागे थांबायला पाहिजे होतं, बांधून ठेवायला पाहिजे होतं, अंगावर काही टाकायला पाहिजे होतं. हे लहानपणी वडिलांनी मला शिकवलंय. पण सरनाईचा फोन आला, जेवण थांबलंय म्हणून. खोगीर काढलं आणि ओलाच सोडला.

जेवण गरम होतं. जेवलो.

२७ सप्टेंबर
रविवार. सकाळीच गेलो. रात्री सगळं गोठलं होतं. अबलख एकटा उभा होता, पाठीवर बर्फाची साय, पाय गोळा केलेले, आणि थरथरत होता. मी जवळ गेलो तर खोकला. घोडा खोकतो तेव्हा ते आपल्या पोटात ऐकू येतं.

वहिनीने घोंगडं आणलं, शेणाची शेगडी पेटवली, कोमट पाणी पाजलं. मलाही चहा दिला, आणि तो प्यावा लागला.

घोंगड्याखाली हात घालून बघितलं. बरगड्या. वरवर हात फिरवला तरी मोजता येत होत्या. मोजल्या नाहीत. चामड्याचं काय ते कळलं.

२९ सप्टेंबर
डॉक्टरीणबाई. वजन वाढलंय. त्या म्हणाल्या, चालताय ना? मी म्हणालो, घोड्यावर बसतो. त्या हसल्या. म्हणाल्या, मग घोड्याचं वजन कमी झालं असेल. त्यांनी गंमत केली. मी पण हसलो.

६ ऑक्टोबर
दादा आला. आठवडाभर मनात जुळवलं होतं काय सांगायचं ते : थंडी लवकर पडली, गवत यंदा हलकं आहे, घोडा आतून आजारी असणार. यातलं एकही वाक्य बाहेर आलं नाही. दादाने अबलखाच्या बरगड्यांवर हात ठेवला, मग मानेवर आयाळीखाली, जिथे चरबी धरते तिथे. बराच वेळ ठेवला. त्याने ओरडायला पाहिजे होतं. ओरडला असता तर मीही ओरडलो असतो, आणि दोघांचं काहीतरी भागलं असतं.

तो म्हणाला, "तुझी चरबी गेली नाही तर तुला डॉक्टर आहे. याची गेली तर याला काय आहे?"

पुढच्या आठवड्यात कळप खिंडीपलीकडे हिवाळ्याच्या कुरणात जाणार. अबलखाला बर्फ उकरून गवत खायची ताकद नाही. तो आमच्या आवारात राहील, दादाने कापून आणलेल्या गवतावर. जगला तर जगला. नव्या वर्षाच्या सणाला येऊन बघतो, म्हणाला.

मी शपथ घेतली. रोज स्वतःच्या हाताने गवत, स्वतःच्या हाताने पाणी.

११ नोव्हेंबर
गवताच्या पेंड्या उचलणं, गोठलेल्या नदीला भोक पाडून पाणी आणणं, शेण काढणं. याच्या कॅलरी फोनवर कुठेच सापडत नाहीत. पण हाच खरा व्यायाम. घोडेस्वारी हा चुकीचाच मार्ग होता, मला आधीपासून शंका होती.

२० नोव्हेंबर
पाठ धरली. सरनाई म्हणाली, पड थोडा वेळ, मी टाकते गवत. फक्त आजच्या दिवस.

१८ डिसेंबर
पाठ अजून पूर्ण सुटलेली नाही. सरनाई पहाटे उठते, पाणी गरम करते, कोंडा कालवते. मी खिडकीतून लक्ष ठेवतो. कोणीतरी लक्ष ठेवलं पाहिजे.

आज वाटलं आपणच जावं. पेंडी घेऊन गेलो. अबलखाने तोंड फिरवलं. पेंडी खाली ठेवून मागे सरलो, तरी हलला नाही. मी घरात आल्यावर खिडकीतून बघितलं तर खात होता.

१५ जानेवारी
बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. रात्री दोनदा जाग आली. अबलख खोकला की नाही ते ऐकत पडून राहिलो. एकदा वाटलं, आवाजच येत नाही. उठलो, बूट शोधेपर्यंत सरनाई जाऊन परत आली होती. म्हणाली, उभा आहे. पुन्हा झोपलो. झोप आली नाही, पण पडलो.

पांढऱ्या महिन्याचा पहिला दिवस
नवं वर्ष. सरनाईने रात्रभर मटणाचं सारण भरून वाफवायचे बूझ वळले, मी सारण भरायला मदत केली, आणि चाखायला. सकाळी दादा-वहिनी खिंड ओलांडून आले. नवा पट्टा बांधून दारात उभा राहिलो. नवाच बांधला, कारण जुन्याची भोकं संपली.

रीतीप्रमाणे मी धाकटा, म्हणून माझे हात खाली, दादाचे हात त्यांवर. त्याच्या कोपरांना आधार देऊन उभा राहिलो. तो गालाजवळ वाकला आणि दरवर्षी विचारतो तेच विचारलं, जनावरं धष्टपुष्ट नव्या वर्षात आली ना? उत्तर ठरलेलं असतं. आली, धष्टपुष्ट आली. पोरांनाही पाठ असतं. गेल्या वर्षी निम्मी जनावरं मेलेली असतानाही दादाला आम्ही तेच म्हणालो होतो.

मला म्हणताच येईना. दादाचे हात माझ्या हातांवर तसेच होते आणि आवारात अबलख उभा होता. घोंगड्यातूनही त्याची हाडं दिसत होती.

मी म्हणालो, "दादा, इथून धष्टपुष्ट फक्त मी आलोय."

सणाच्या दिवशी असं बोलत नाहीत. दादा बाहेर गेला, घोंगडं उचललं, बरगड्यांवर हात ठेवला, मग आयाळीखाली. परत येऊन बसला आणि म्हणाला, गवत उगवेपर्यंत टिकेल. मग सरनाईकडे वळून दोन्ही हातांनी निळं रेशमी वस्त्र तिला दिलं. ते आमच्यात थोरल्या माणसाला देतात. ती त्याच्याहून धाकटी आहे. माझ्याकडे त्याने बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुपारी दादा म्हणाला, घोड्याला आता रोज नदीपर्यंत चालवायला हवं. हातात दोर धरून, पायी. मी लगेच उठलो. दोर धरला. अबलख आला, माझ्यासाठी नाही, सरनाई पुढे चालत होती म्हणून. नदीपर्यंत गेलो. येताना मला धाप लागली, दोर सरनाईने घेतला, ती दोघं पुढे निघून गेली आणि मी मागून आलो.

फोन खिशात होता. घरी येऊन बघितलं. एका बूझचीसुद्धा कॅलरी जळाली नव्हती. तरी हा आकडा माझा होता.

उद्या पुन्हा जाणार. आज बूझ उरलेत, आणि पाहुण्यांसमोर नाही म्हणता येत नाही.