मंगळवारचा पेशंट

९ मार्च, रविवार दुपार

प्रिय ताईस,

सप्रेम नमस्कार. माझं अक्षर पाहून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. ह्यांचा जुना खोकलाही गेला. मला बढती मिळाली, फिजिओथेरपीचा सगळा विभाग आता माझ्याकडे आहे. खोली मोठी आहे, भिंतभर आरसा, खिडकीतून सकाळचं ऊन येतं. तुझे गुडघे कसे आहेत? मी पूर्वी सांगितलेले व्यायाम तू करत नसशीलच.

आता खरी बातमी. फोरमन माझ्याकडे उपचारांना येतो.

हो, तोच. काम झपाट्याने उरकावं म्हणून ज्याने छापखान्यातल्या यंत्राची संरक्षक जाळी काढून ठेवली, आणि आपल्या पाठचा बारक्या त्यात ओढला जाऊन गेल्यावर चौकशीत सांगितलं की जाळी बारक्यानेच काढली, पोरगा पिऊन आला होता. दारूच्या वासाने ज्याला मळमळायचं, त्याला मेल्यावर दारुडा ठरवलं. आई शेवटपर्यंत शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत राहिली, तो प्यायचा नाही हो.

जानेवारीत फोरमनला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बायको चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली. मी त्याला दारातच ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. चौकशीच्या दिवशी त्याने आपल्या बाकाकडे मान वळवली नव्हती, मग ओळखणार कसा? ताई, मला इतका आनंद झाला की हात धुवायच्या निमित्ताने मी बाहेर गेले आणि बेसिनपाशी उभी राहून हसले. खोटं बोललेली जीभच लुळी पडली होती. पाणी मागायला जातो आणि तोंडातून "बाबा, बाबा" एवढंच येतं.

तिथेच मी म्हटलं, वा देवा, उशिरा का होईना, जागा झालास.

मग माझाच मला राग आला. बारक्याच्या अंत्यविधीला तू फोरमनसाठीही प्रार्थना केलीस, तेव्हाच मी चर्चमधून उठून गेले आणि तुझ्याशी, तुझ्या येशूशी, दोघांशीही बोलणं टाकलं. मी शिकलेली बाई, माणसाच्या अंगातला एकेक स्नायू नावानिशी ओळखते, मला वर कुणी बसलेलं असायची गरज नाही, असं तुला ऐकवलंही होतं. आणि सूड समोर येताच पहिला शब्द गेला तो त्याच्याकडेच.

त्याला दुसऱ्या कुणाकडे सोपवता आलं असतं. सोपवलं नाही. व्यायाम बरोबरच दिले, त्यात कुणाला खोट सापडणार नाही. फक्त दुसऱ्या पेशंटचा तोल गेला की माझे हात आपोआप पुढे जातात. ह्याला मी आधी घाबरू द्यायचे, मग धरायचे. त्याचे डोळे मोठे झालेले बघायला मी मंगळवारची वाट बघायचे. त्या दिवशी जेवण गोड लागायचं.

घरी येताना बसमध्ये मनातल्या मनात देवाशी भांडण चालायचं. ह्याला आडवा करता येतो तुला, मग ते यंत्र का नाही थांबवलंस? की हा झटका तुझा नव्हेच, नुसती रक्ताची गुठळी? गुठळीच असेल तर मी बोलतेय कुणाशी? आणि तू खरंच असशील, तर मंगळवारी मलाही बघत असशील. हे शेवटचं मला मुळीच आवडायचं नाही.

गेल्या मंगळवारी त्याची बायको चहा आणायला गेली होती. तो दोन्ही बाजूंच्या दांड्यांमध्ये उभा होता आणि डावा हात सुटला. मी एक पाऊल मागे होते. खाली फरशी. डोकं आपटलं असतं तर सगळ्यांनी अपघात म्हणून मान्य केलं असतं. अपघात कसा मांडायचा, हे मला त्यानेच शिकवलं होतं.

हात पुढे जाईनात. मीच जाऊ देत नव्हते. आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, "येशू, मला धर."

त्याला नाही, मला.

मग मी त्याच्या कमरेचा पट्टा घट्ट धरला होता, आम्ही दोघं फरशीवर बसलो होतो आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. प्रकाशबिकाश काही दिसला नाही. माया तर अजिबात वाटली नाही. एवढंच कळलं, की माझ्या एकटीच्या जोरावर मी त्याला पडू दिलं असतं.

बायको चहा घेऊन आली. तिच्यादेखत मी त्याला म्हटलं, "छापखान्यात गेला त्या पोराची मी बहीण. तो प्यायलेला नव्हता. जाळी तुम्ही काढलीत." त्याने डोळे मिटले. मग उघडले आणि बोलायला गेला, पण आलं तेच, "बाबा, बाबा." माफी होती की शिवी, देव जाणे. आणि हे मी आता नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

बायकोने कप खाली ठेवला. आम्ही दुसरीकडे जावं का, असं तिने हळूच विचारलं. मी म्हटलं, "मंगळवारी या. त्यांना जिना चढायला शिकवायचंय."

त्याला क्षमा केलीस का, असं मात्र विचारू नकोस. सूड मी येशूच्या हाती देऊन टाकलाय, पण माझी बोटं त्यावरून सुटत नाहीत. तो रोज एकेक सोडवतो. दुखतं गं. उद्या पुन्हा आवळतील, हेही माहीत आहे. तरी आता विश्वास आहे तो त्या सोडवणाऱ्यावर. माझ्या बोटांवर नाही.

तुला सांगायचं टाळत होते ते हे, की आज सकाळी मी चर्चमध्ये गेले होते. मागच्या बाकावर बसले. पाळक भेटले, त्यांच्याशी बोलले. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून माझा विश्वास कबूल करणार आहे. तू ये. गुडघे दुखत असले तरी ये. पण आलीस की "मी म्हणत नव्हते?" असं तोंडातून काढू नकोस. तेवढी नम्र मी अजून झालेली नाही.

त्याला शरण आलेली, तुला अजून नाही,
तुझी धाकटी