अण्णांच्या मेंदूतली युनियन

काळाचौकी

प्रिय रामदासदादा,

सप्रेम जय भीम. तिकडे अंबरनाथला तुझी शुगर आणि शांतावहिनीचे गुडघे ताळ्यावर असतील, असं धरून चालते. (अण्णांचं नाव काढलं की तू फोन ठेवतोस, म्हणून पत्र. ते मध्येच कापता येत नाही.)

अण्णांच्या डाव्या हाताने गेल्या महिन्यापासून दांड्या मारायला सुरुवात केली. कप सुटायचा, बटणं राहायची. शेजारच्या कमलाबाईंनी तर स्वतः येऊन तेल चोळलं. (अण्णा म्हणाले, "बाई, हात आहे तो, चादर धुताय का?") शेवटी एमआरआय काढला, मग तुकडा काढून तपासला. मेंदूत गाठ आहे, वाईट जातीची. "इथंही जात आलीच का?" एवढंच अण्णा बोलले.

डॉक्टरीणबाई तरुण आहे, समजावून सांगायची हौस फार. म्हणाली, पेशीतला आरएनए म्हणजे हुकमाची चिठ्ठी. काम झालं की ती फाटून जायला हवी. पण या गाठीत एक प्रोटीन तिला इतकं घट्ट धरून बसलंय की ती फाटतच नाही, आणि 'वाढ, वाढ' हा हुकूम चालूच राहतो. ही पकड सोडवणारं एक औषध अजून चाचणीत आहे. अण्णा हो म्हणाले तर मिळेल.

"म्हणजे दोघांनी एकमेकांना धरलंय, आणि तुम्हाला ते फोडायचेत?"

"अगदी बरोबर, आजोबा!" बाई खूश.

"मग नाही. संपात मालकानं आमच्याशी हेच केलं. मी फोडाफोडीत नाही."

बसमध्ये मी समजावत राहिले, अहो अण्णा, ती गाठ आहे, कामगार नाहीत. "सगळे मालक असंच म्हणतात," म्हणाले. दिवस जातायत दादा, आणि ते ऐकत नाहीत. गिरणीच्या संपात तू गुपचूप कामावर गेलास, तेव्हापासून त्यांनी तुझ्याशी, पोटच्या लेकाशी, बोलणं टाकलं. (त्या पगारातलं दूध मी प्यायलेय. मला तुझा राग कधी आलाच नाही.)

वहिनीला जय भीम, नातवंडांना पापा.

तुझी,
मंजुळा

ता. क. काल भात कालवताना अण्णा आपणहून म्हणाले, "फोडायचं काम आपल्याला जमत नाही. त्यात तयार माणूस एकच, तो अंबरनाथला." मी विचारलं, बोलावू? "मी कुठं म्हटलं?" म्हणाले. मग आज सकाळी दाढी करून मागितली.

आणखी एक. डॉक्टरीणबाईने मला बाजूला घेऊन सांगितलं, औषध लागू पडलं तरी थोडे महिनेच पदरात पडतील. तेव्हा औषधाला उशीर झाला तरी चालेल. तू करू नकोस.